फळ्यावर राहिलेलं नाव

बोर्डिंगचा अधीक्षक नेमकं काय काम करतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेत शिकवतात ते मास्तर, मग तू काय करतोस, असं ती विचारायची. मी सांगायचो, मुलं शाळेतून परत आल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत जे काही होतं ते सगळं माझ्याकडं. त्यावर ती म्हणायची, "म्हंजी आईचंच काम की. त्याला बी.ए. कशाला व्हावं लागतंय?"

तेव्हा मला या बोलण्याचं हसू यायचं.

पाथर्डीच्या एका बोर्डिंगात मी सत्तरच्या सुमारास रुजू झालो. आठवी ते अकरावीची साठएक मुलं, दोन लांब खोल्या, एक जेवणघर, मागं आड, आणि दारातच माझी खोली. मुलं पूर्वेकडच्या कोरड्या गावांतली. दसरा झाला की आईबाप ऊस तोडायला कारखान्याला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे. मधले पाच-सहा महिने मुलांना घर म्हणून जे काही होतं ते आम्हीच.

कामात शोभेचं काही नव्हतं. खरजेचं मलम लावणं, पेट्यांच्या हरवलेल्या किल्ल्या शोधणं, कोठीतून धान्य मापून देणं, भांडणं सोडवणं. जेवणाआधी ताटं मोजणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. ताट शिल्लक राहिलं म्हणजे कुणीतरी मुलगा कुठंतरी एकटा बसलेला आहे, असं समजायचं आणि त्याला शोधायला निघायचं. हे मला पहिल्याच महिन्यात उमगलं होतं आणि त्याचा मला बराच अभिमान होता. पण ताटावर येऊन बसलेला मुलगाही एकटा असू शकतो, हे मोजणीत येत नाही.

मुलं एकच तक्रार करायची. "सर, करमत न्हाई." एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर एस.टी. स्टँडवर जाऊन त्याच्या गावाच्या गाडीवरची पाटी वाचून यायचा. गावात त्याच्या घराला कुलूप होतं, तरी जायचा. दुसऱ्याला दर बाजाराच्या दिवशी ताप चढायचा, कारण त्या दिवशी ज्यांचे आईबाप गावातच असत ते मुलांना भेटायला येत. मी त्या तापावर गोळी द्यायचो. करमत नाही म्हणणाऱ्याला सांगायचो, अभ्यासाला बस, करमेल. मलाही लहानपणी हेच सांगितलं गेलं होतं आणि मी बी.ए. झालो होतो. त्यामुळं औषध लागू पडतं, अशी माझी खात्री होती.

मी खर्ड्याजवळच्या एका वाडीतला. आमच्या घरात शाळेत गेलेला पहिला मीच. मलाही असल्याच एका बोर्डिंगनं शिकवलं. ते नसतं तर मी आज शेळ्यांमागं असतो, हे मी कधी विसरलो नाही. पण तिथले अधीक्षक फोकानं मारत. निरगुडीचा ओला फोक. मार खाऊन मी शिकलो, पण आपण अधीक्षक झालो तर मुलावर हात उचलायचा नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि खरोखरच मी आयुष्यात एकाही मुलाला मारलं नाही. ही गोष्ट मी पुढं जे सांगणार आहे त्याच्यासाठी लक्षात ठेवावी.

मारायचं नाही तर शिस्त कशी लावायची? मी न्यायसभा सुरू केली. दर रविवारी सकाळी सगळी मुलं जेवणघरात बसायची. त्यांनी निवडलेले पाच पंच तक्रारी ऐकायचे, शिक्षा ठरवायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकत राहायचो. शिक्षा एकच होती, मौन. ज्याला शिक्षा झाली त्याच्याशी ठरलेले दिवस कुणी बोलायचं नाही, त्यानं कुणाशी बोलायचं नाही, लागलं तर खुणेनं मागायचं. जेवणघराच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर वर 'मौनात' असं लिहिलेलं, खाली मुलाचं नाव. मुदत संपली की नाव पुसायचं, आणि ते फक्त मी पुसायचं. सुरुवातीला मित्रमंडळी गुपचूप नाव पुसून टाकायची म्हणून मी हा नियम केला होता.

पहिली शिक्षा झाली ती एका खोडकर पोराला. त्यानं सगळ्यांच्या डाव्या पायाच्या चपला कौलांवर नेऊन ठेवल्या होत्या. दोन दिवस मौन. दुसऱ्या दिवशी तो आडाच्या काठावर बसून दोराशी बोलताना सापडला. नाव पुसलं तेव्हा सगळं बोर्डिंग ओरडलं, आणि तो पठ्ठ्या दुपारपर्यंत गप्प झाला नाही. आम्ही पोट धरून हसलो. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात आमच्या या पद्धतीचं कौतुक लिहिलं. तो शेरा मी वहीत उतरवून घेतला होता आणि बापाला वाचून दाखवला होता. बाप म्हणाला, "मारत न्हाईस, ते लई बरं करतोस." त्यानंही लहानपणी पुष्कळ मार खाल्ला होता.

मग बहात्तर साल आलं, दुष्काळाचं. त्या वर्षाबद्दल आमच्या भागात कुणाला काही सांगायला नको. आडाला पाणी नव्हतं, कोठीत ज्वारीच्या जागी अमेरिकेहून आलेला लाल मिलो होता, आणि जी माणसं कधी कारखान्याला गेली नव्हती तीही दिवाळीआधीच गेली. त्या साली सुट्टीच्या दिवशी घरी जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली. बाकीच्यांना फक्त पोस्टमनची वाट.

टपाल मी दुपारच्या जेवणाला वाटायचो. एकेकाचं नाव मोठ्यानं पुकारायचं, तो उठून येणार, बाकीचे त्याच्याकडं बघणार. हे काम मला फार आवडायचं. ज्यांची नावं कधीच पुकारली जात नाहीत ते त्या वेळी काय करतात, ते मी पाहिलं नाही. गयाबाईनं पाहिलं होतं. गयाबाई आमची स्वयंपाकीण. ती मला नंतर म्हणाली, की म्हातारदेव त्या वेळी नेमका पाणी प्यायला उठायचा.

म्हातारदेव नववीत होता. आमच्याकडच्या देवाचं नाव, म्हणून त्या भागात बऱ्याच मुलांना असतं. पोरं त्याला म्हाताऱ्या म्हणायची, "म्हाताऱ्या, काठी कुठं टाकली?" असं चिडवायची, आणि तोही पाठीत वाकून चालून दाखवायचा. हसरा होता. अक्षर मात्र असं की बघत राहावं. म्हणून फळ्यावर नावं लिहायचं काम मी त्याच्याकडं दिलं होतं.

त्याच्याच शेजारी अर्जुन नावाचा मुलगा अंथरूण टाकायचा. अर्जुनची आई गावातच असायची आणि गावातल्या शाळेच्या गुरुजींकडून दर पंधरवड्याला पत्र लिहून घ्यायची. मार्गशीर्षात एकदा अर्जुनचं पत्र हरवलं. शोधाशोध झाली आणि ते म्हातारदेवच्या वळकटीत सापडलं.

रविवारी न्यायसभा बसली. मॉनिटर होता सर्जेराव, अकरावीतला, उंचापुरा आणि अतिशय सरळ मुलगा. त्यानं विचारलं, पत्र तू घेतलं का? म्हातारदेव म्हणाला, व्हय. का घेतलं? त्यावर तो गप्प. सर्जेराव म्हणाला, "खायचं आसतं तर समजलं आसतं. दुसऱ्याच्या आईचं पत्र घिऊन काय करायचं रं?" सगळी पोरं हसली. मीही कदाचित हसलो असेन. मग पुरावा म्हणून ते पत्र मी स्वतः सभेत मोठ्यानं वाचलं. आपण पत्र वाचतोय तेव्हा अर्जुन खाली मान घालून बसलाय आणि म्हातारदेव मात्र मान वर करून ऐकतोय, एवढं मला आठवतं. तेव्हा ते मला निर्लज्जपणाचं वाटलं होतं.

चोरी म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत मौन. शिक्षा ठरली आणि मी सवयीनं खडू त्याच्या हातात दिला. त्यानं 'मौनात'च्या खाली आपल्या सुंदर अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, खडू माझ्या हातात परत दिला आणि जागेवर जाऊन बसला.

मंगळवारी मला तार आली, वडील अत्यवस्थ आहेत. शाळेतल्या एका शिक्षकांना रात्रीची हजेरी तेवढी बघायला सांगितलं, कोठीच्या किल्ल्या दिल्या आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. तिसऱ्या दिवशी वडील गेले.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरी माणसांची रीघ होती. दुष्काळ होता, कुणाकडं देण्यासारखं काही नव्हतं, पण माणसं यायची, ओसरीवर बसायची आणि बोलायची. वडलांबद्दल, पावसाबद्दल, बैलांबद्दल, कशाहीबद्दल. मी एकटा बसलो की कुणीतरी येऊन जवळ बसायचं. एक म्हातारे गृहस्थ तर रोज येऊन तीच गोष्ट सांगायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, आणि ते आले नाहीत तर दिवस जायचा नाही. चौदावा होईपर्यंत माणसांनी मला असं बोलून बोलून धरून ठेवलं. त्या सगळ्या दिवसांत मला फळ्याची एकदाही आठवण आली नाही. खरं सांगायचं तर बोर्डिंगचीच आली नाही.

मी पाथर्डीला परतलो तो शनिवार होता. डोक्यावरचे केस काढलेले. मुलांनी ते पाहिलं. सर्जेराव पुढं आला, वडलांबद्दल दोन शब्द बोलला, मोठ्या माणसासारखा. मग म्हणाला, "सर, तुमी नव्हता, तरी एकानंबी नेम मोडला न्हाई."

मला समजलं नाही. "कुठला नेम?"

त्यानं जेवणघराच्या भिंतीकडं बोट केलं. फळ्यावर म्हातारदेवचं नाव तसंच होतं. शिक्षा सात दिवसांची होती. मी परतलो तो विसावा दिवस होता.

"मी नसताना दोन रविवार गेले, सर्जेराव."

"व्हय सर. पर नाव तुमीच पुसायचं आसतं ना?" तो म्हणाला. मग मला बरं वाटावं म्हणून त्यानं पुढं सांगितलं, "पहिला रविवार गेला तसा त्यो लई रडला. माझ्या पाया पडला. म्हनला, मला फोकानं मार, पर बोल. मी न्हाई बोललो, सर."

तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. शाबासकीची वाट बघत होता. मुलांत कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. बापाच्या आजारपणाला गेलेल्या सरांचा नियम सरांच्या मागं मोडायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना इतकं चांगलं शिकवलं होतं. मी सर्जेरावाला 'बरं' म्हणालो.

गयाबाई चुलीपुढं होती. मी विचारायच्या आधीच ती बोलली. "मी बोलत हुते त्याच्यासंगं. मग पोरांनी सांगितलं, सर आले की तुमचं काम जाईल. मला दोन पोरी हायती, सर. म्हून मीबी बंद केलं." तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

मी फळा पुसला. म्हातारदेवला बोलावून घेतलं. तो आला, उभा राहिला. अंगानं निम्मा झाला होता. मी म्हणालो, "संपलं सगळं. बोल आता." त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या बोडक्या डोक्याकडं पाहिलं. ओठ हलले नाहीत. मला वाटलं, रुसलाय. मी त्याला नियम समजावून सांगायला लागलो, की असं असं झालं, यात कुणाचा दोष नाही, आता हे मनातून काढून टाकायचं. तो ऐकत राहिला. मीच दमलो.

माझं चुकलं, हे दोन शब्द मी म्हणालो नाही. अधीक्षकानं मुलाला असं म्हणायची रीत नव्हती. पण रीतीचं कारण सांगणं हेही आता खोटंच वाटतं. मला ते जमलं नाही.

पुढचे दिवस बोर्डिंगातली सगळी मुलं त्याच्याशी बोलायला लागली. एकदम, सगळी. कुणी विनोद सांगतंय, कुणी पाठीत वाकून चालून दाखवतंय. तो भिंतीला पाठ लावून बसायचा. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायच्या जागी हात वर करायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घसा तपासला, जीभ पाहिली, आणि घशात काही नाही, असं सांगितलं. अर्जुननं तर ते पत्रच त्याला नेऊन दिलं. म्हणाला, "ठिव तुला. मला पाठ झालंय." म्हातारदेवनं त्याची घडी नीट केली आणि अर्जुनच्या अंथरुणावर परत ठेवली.

फक्त गयाबाई त्याला बोल म्हणायची नाही. ती त्याला मिलो निवडायला चुलीजवळ बसवून घ्यायची आणि आपली आपण बोलत राहायची. पोरींबद्दल, ओल्या जळणाबद्दल, धुराबद्दल. उत्तराची वाट बघायची नाही. असे आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी तिनं वरणाची चव बघायला त्याच्या हातावर पळी उलटी केली. त्यानं चाटून बघितलं आणि म्हणाला, "मीठ न्हाई."

गयाबाई आनंदानं धावत माझ्याकडं आली. मी तसाच उठलो. वाटेत चार मुलांना सांगितलं, त्यांनी दहा जणांना, आणि आम्ही सगळे चुलीजवळ जाऊन उभे राहिलो. मी म्हणालो, "बोललास म्हणे. शाब्बास! काय म्हणालास, म्हण बघू परत."

त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. त्यानंतर तो गयाबाईशीही बोलला नाही.

मी शिकलेला माणूस होतो. पदवीच्या परीक्षेला मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यात मला चांगले गुण होते. गयाबाईला सही करता येत नव्हती. एवढंच लिहितो.

शेवटी मी त्याच्या वडलांना त्यांच्या ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, मुलाची तब्येत बरी नाही, येऊन जावे. ते संक्रांतीच्या सुमारास आले. काटक माणूस, डोक्याला मफलर, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मुलांसाठी उसाची मोळी आणली होती. माझ्या खोलीत ते खाली बसायला लागले, मी आग्रह करून खुर्चीवर बसवलं. सर्जेराव दाराशी उभा होता.

"काय झालं हुतं, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार, हे मला कार्ड टाकल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हणालो, "थंडीनं घसा बसला. मग बोलणंच बंद झालं."

त्यांनी मान हलवली. "कुठं तरी भ्याला आसंल. तुमच्यावर आमचा बोल न्हाई. तुमी लेकरावर हात उचलत न्हाई, हे साऱ्या टोळीला ठावं हाय. म्हून तर तुमच्याकडं घातला."

मी दाराकडं पाहिलं. सर्जेराव माझ्याकडंच बघत होता. मग त्यानं मान खाली घातली. त्या अकरावीच्या मुलानं त्या दिवशी माझं खोटं झाकलं, आणि त्याची किंमत त्याची त्यानं मोजली असणार. पुढं तो नोकरीला लागला, संसारी झाला, भेटला की अजूनही एकदा तरी विचारतो, "सर, मी तेव्हा नेमच पाळला ना?" मी हो म्हणतो.

मी म्हातारदेवच्या वडलांना म्हणालो, मुलगा हुशार आहे, मॅट्रिकपर्यंत इथंच राहू द्या, बोलेल हळूहळू. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हितं कोन हाय त्याचं? तिथं पाचटाच्या कोपीत का हुईना, माय हाय." आणि उठता उठता, माझं समाधान करावं तसं, म्हणाले, "न्हाईच बोलला तरी ऊस तोडाया काई बोलावं लागत न्हाई, गुरुजी."

म्हातारदेवनं पेटी बांधली. ग्रंथालयाचं एक पुस्तक त्याच्याकडं होतं, ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. माझ्या पाया पडला. बापाच्या मागून, पेटी डोक्यावर घेऊन, स्टँडच्या वाटेनं गेला. मुलं फाटकाशी जमली होती. काही जणांनी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

पुस्तक कपाटात ठेवताना त्यातून वहीचा एक कागद पडला. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. ते अर्जुनचं पत्र होतं, म्हणजे त्याची नक्कल. पण जशीच्या तशी नव्हती.

'चि. म्हातारदेव यास आईचा आशीर्वाद. पत्रास कारण की, इकडे सर्व खुशाल आहेत. काळ्या शेळीला दोन करडे झाली. तू थंडीचे कानाला बांधत जा. पोटभर जेवत जा. तुझी आठवण येते.'

अर्जुनच्या पत्रात गाय होती. इथं आधी गाय लिहून, खोडून, शेळी केली होती. म्हातारदेवच्या घरी गाय नव्हती. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती जी अर्जुनच्या पत्रात नव्हती. ते पत्र मी स्वतः साठ मुलांसमोर वाचलं होतं, म्हणून मला नक्की सांगता येतं.

'करमत नसेल तर कळव.'

न्यायसभेत आम्ही त्याला विचारलं होतं, दुसऱ्याच्या आईचं पत्र घेऊन काय करायचं. उत्तर हे होतं. ते सांगायला त्याला थोडा वेळ लागला असता, आणि कुणीतरी एकट्यानं, हसणारी पोरं जवळ नसताना, विचारायला हवं होतं. पंच पाच होते, मी सहावा.

पुढच्या रविवारी न्यायसभा बसली नाही. परीक्षा जवळ आली, असं मी कारण दिलं. मग ती कधीच बसली नाही. शेरेबुकातला तो शेरा मात्र राहिला, आणि मी निवृत्त झालो तेव्हाच्या समारंभात एका वक्त्यांनी तो वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

टपाल मी जेवताना वाटणं बंद केलं. ज्याचं त्याच्या अंथरुणावर नेऊन ठेवू लागलो. ज्यांना पत्र येत नाही त्यांची एक यादी ठेवली आणि त्यांच्या आईबापांना मुकादमांच्या पत्त्यावर मीच कार्डं टाकायचो, मुलगा बरा आहे, तुमचं चार ओळींचं काही आलं तर बरं. बहुतेकांचं काही यायचं नाही. काहींचं यायचं. कुणी करमत नाही म्हणून आलं तर मी अभ्यासाला बस असं म्हणत नसे. चुलीकडं पाठवायचो, गयाबाईकडं. ती त्याच्यापुढं सूप सरकवायची.

म्हातारदेवच्या वडलांच्या नावानंही मी तीन-चार कार्डं टाकली. उत्तर आलं नाही. टोळीत वाचणारं कुणी नसेल, असं मी मनाला सांगायचो. वाचणारा तर तिथं होता.

तो मला पुन्हा भेटला तो वीसेक वर्षांनी, पाथर्डीच्या स्टँडवर. दसरा होऊन गेला होता, स्टँडवर कारखान्याला निघालेल्या माणसांची गर्दी होती. बोचकी, भांडी, कोयते गुंडाळलेलं पोतं, शेळीचं एक करडू. एक माणूस कंडक्टरशी करडावरून हुज्जत घालत होता. करडाला तिकीट लावता तर मग त्याला शीट द्या, असं त्याचं म्हणणं. आजूबाजूची माणसं हसत होती. कंडक्टरही हसला. आवाज मोठा, मोकळा. मोठ्या माणसाचा झालेला तो आवाज मी याआधी ऐकला नव्हता, तरी कुणाचा ते मला कळलं.

मी जवळ गेलो. त्यानं मला पाहिलं आणि बोलता बोलता थांबला. खाली वाकून पाया पडला. मग शेजारच्या मुलाला, दहाएक वर्षांचा असेल, पुढं ओढलं.

"पाया पड," तो मुलाला म्हणाला. "आमच्या बोर्डिंगचे सर हायती."

मुलगा पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कितवीत आहेस विचारलं. तो म्हणाला, पाचवीत, पण आता कारखान्याला चाललोय. मी म्हातारदेवकडं पाहिलं. जे वाक्य मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं ते अगदी ओठावर होतं. मी म्हणालो, "बरं चाललंय ना?"

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आदर होता, जसा असायला हवा तसा. फक्त शब्द नव्हता. माझ्यासाठी एकही नव्हता.

कंडक्टरनं घंटी मारली. ती माणसं गाडीत चढली, करडूही चढलं. म्हातारदेव मुलाला घेऊन खिडकीशी बसला. मुलानं माझ्याकडं बोट करून त्याला काहीतरी विचारलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून दिसत होतं, म्हातारदेव मुलाला काहीतरी सांगत होता, हात हलवून, बराच वेळ. इंजिनाच्या आवाजात ते काय होतं, मला ऐकू आलं नाही.